आवाजसुद्धा परका

1992च्या 'अंडर सीज'ने स्टीव्हन सीगलला हॉलिवूडच्या पहिल्या रांगेत बसवलं. 2002च्या 'हाफ पास्ट डेड'नंतर मात्र त्याचे बहुतेक चित्रपट थिएटरचं तोंडही न पाहता थेट डीव्हीडीवर आले. वय झालं, अंग सुटलं, असं कारण सर्रास दिलं जातं. ते पटत नाही. 'टेकन' हा मारधाडपट पडद्यावर आला तेव्हा त्याचा नायक लियाम नीसन 55 वर्षांचा होता. खरं कारण धंद्याच्या गणितात आहे. कव्हरवरचा चेहरा पाहून वितरक आगाऊ पैसे मोजत आणि पूर्व युरोपात स्वस्तात चित्रीकरण उरकलं जाई. चेहरा विकला की काम संपलं. 2006च्या 'अटॅक फोर्स'मध्ये तर सीगलचे कितीतरी संवाद दुसऱ्याच्याच आवाजात आहेत.

पैसाच कमी, तर नट तरी काय करणार, असं कुणी म्हणेल. पण त्याच बाजारात जाँ-क्लोद व्हॅन डॅमही होता. 2008च्या 'जेसीव्हीडी'त तो कॅमेऱ्यात पाहत, एकाच लांबलचक शॉटमध्ये, आपल्या पडझडीचा हिशेब मांडतो. डोळे पाणावतात, शब्द अडखळतात, आणि मारामारीचा हा माणूस किती चांगला नट आहे ते कळतं. तो चित्रपटही मोठ्या बजेटचा नव्हता. सीगलच्या नावावर डीव्हीडी विकत घेणाऱ्या चाहत्याला मात्र त्याचा आवाजही मिळाला नाही. ही सरळ फसवणूक आहे.