बंद पडलेला संगणक आणि आपली भीती

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेचा संगणक मागे एकाएकी बंद पडला. बटन दाबले तरी ना दिवा लागे, ना पंखा फिरे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत तोंडावर आलेली आणि बारा-तेरा मुलामुलींची कागदपत्रे त्याच संगणकात. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने डबा न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला. साडेचार हजार होतील." वर्गणीच्या पेटीत अकराशे रुपये होते.

आम्ही पेशाने कारकून. जमाखर्चाची वही उघडायला आम्ही कधी घाबरलो नाही; पण संगणकाचा डबा उघडायचा म्हटले की हात मागे येतो. आमची थोरली मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, "पप्पा, आधी एसएमपीएस तरी तपासू. बिघडलेला भाग कोणता ते कळल्याशिवाय पैसे कशाला द्यायचे?" पोरीचे म्हणणे आम्हाला पटले.

एसएमपीएस म्हणजे डब्यातली लोखंडी पेटी, जिच्यात मागून वीज येते. आपल्या घरात २३० व्होल्टचा एसी प्रवाह असतो. संगणकाच्या भागांना लागतो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी प्रवाह. हे रूपांतर ही पेटी करते. पिवळ्या तारेत १२, लालमध्ये ५, नारिंगीमध्ये ३.३ व्होल्ट आणि काळी तार परतीची. ही पेटी गेली की बाकी सारे धडधाकट असूनही संगणक मेल्यासारखा पडतो.

तपासणी अशी केली. वीज बंद करून मागची वायर काढली. पेटीपासून निघालेले सगळे जोड सोडवले. २४ पिनांच्या मोठ्या जोडात हिरवी तार एकच असते. ती आणि शेजारची काळी तार कागदाच्या टाचणीने जोडली आणि मगच वीज चालू केली. पेटीचा पंखा फिरला नाही. दुसऱ्या चालू संगणकाची वायर लावून पाहिली, तरी तेच. म्हणजे दोष पेटीत होता. मात्र सगळ्याच तारा काळ्या असतील तर ही परीक्षा अंदाजाने करू नये.

जुन्या पेटीवर ४५० वॉट लिहिले होते, तेवढ्याच वॉटची नवी घेतली. निराळे ग्राफिक कार्ड असेल तर जास्त वॉट लागतात. दुकानात नुसता मोठा आकडा पाहून भुलू नका. १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते लेबलवर वाचा आणि पक्की पावती घ्या. पावतीशिवाय गॅरंटी म्हणजे तोंडची वाफ. पेटीमागे ११५ आणि २३० असा लाल खटका असेल तर तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर नवी पेटी जळते.

बसवणे अवघड नाही. जोड सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. मागचे चार स्क्रू काढले की जुनी पेटी निघते. नवी तिच्याच जागी बसते, कारण एटीएक्स नावाचे हे माप १९९५ पासून ठरलेले आहे. जोड एकाच बाजूने बसतात; बसत नसेल तर जोर न लावता बाजू पाहावी.

आम्ही सारे जोडले, बटन दाबले. पंखे फिरले, पण पडदा काळाच. आमच्या पोटात गोळा आला. दुरुस्तीवाला खरे बोलत होता की काय? मुलीने फोटो पुन्हा पाहिला आणि हसली. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा जोड आम्ही लावलाच नव्हता. वीज बंद करून तो लावला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. पेटीतून नऊशे गेले, दोनशे उरले. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी रवाना झाले.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. एसएमपीएस बदला, पण ती पेटी स्वतः कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भार राहू शकतो. तो जिवावर बेततो. तसेच तीन पिनांच्या सॉकेटला खरेच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आमच्या अभ्यासिकेत ते नव्हतेच! उरलेले दोनशे तिकडे गेले.

दुरुस्तीवाला लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. घाईत त्याने अंदाज केला असेल. पण त्याच्या अंदाजाची किंमत आपण का मोजावी? ज्याला आपल्या वस्तूतले काही कळत नाही, त्याला समोरचा सांगेल तो आकडा मान खाली घालून द्यावा लागतो. म्हणून वाचकहो, दुकानात जाण्याआधी दोन प्रश्न तयार ठेवा: कोणता भाग बिघडला, आणि ते कशावरून?

जुनी पेटी आम्ही अभ्यासिकेच्या कपाटावर ठेवली आहे. मुलगी तिच्यावरून धाकट्या मुलांना तारांचे रंग शिकवते. पुढच्या वेळी डबा तीच मुले उघडतील. आम्ही फक्त बॅटरी धरू.