पाचच्या गाडीने परतणारी विद्यानगरी

बारामतीचा उल्लेख ‘विद्यानगरी’ असा केल्यावाचून तेथील जाहीर समारंभ आता सहसा पार पडत नाहीत. या उल्लेखात तथ्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. 1971 साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि 1972 साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. 2019 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. शेजारच्या इंदापुरात आणि सोमेश्वरनगरला महाविद्यालये आहेत. एका पिढीपूर्वी पदवीसाठी पुण्याची वाट धरावी लागे. ती वाट आज गावाजवळ आली, हे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु विद्यानगरी म्हणजे इमारतींची बेरीज नव्हे. दुपार कलली की बारामतीच्या बसस्थानकावर जाऊन उभे राहावे आणि ही विद्यानगरी डोळ्यांदेखत रिकामी होताना पाहावी. सुप्याची, मोरगावची, वडगाव निंबाळकरची, सणसर-लासुर्ण्याची, निमगाव केतकीची मुले-मुली दप्तर छातीशी धरून गाडीच्या दारावर तुटून पडतात. जागा मिळाली नाही तर उभ्याने, गाडी चुकली तर वडापच्या मागच्या फळीवर, आणि वडापही भरले असेल तर ओळखीच्या कोणाच्या मोटारसायकलवर. पाचच्या सुमाराची ही पांगापांग आटोपली की महाविद्यालय आणि गाव यांचा संबंध दुसऱ्या दिवसापर्यंत संपतो. ज्या नगरीचे विद्यार्थी दिवे लागण्यापूर्वी तिच्या वेशीबाहेर असतात, तिला विद्यानगरी म्हणायचे की विद्येचा आठवडा बाजार म्हणायचे, हा आमचा सवाल आहे.

हा सवाल ऐकताच आपल्यातलेच काही साथी भुवया उंचावतील, याची आम्हांला कल्पना आहे. दुधाचा दर, कांद्याचा भाव, जिरायत पट्ट्यातले पाणी असे प्रश्न पेटलेले असताना विद्यार्थ्यांच्या संध्याकाळची चिंता म्हणजे सदाशिव पेठी चोचले नव्हेत काय? नव्हेत. उलट हे प्रश्न लढवणारा कार्यकर्ता कोठे घडतो, याचा विचार आपण सोडून दिला, म्हणून आपल्या सभांतली डोकी पांढरी झाली आहेत. माणूस तासिकेत परीक्षेपुरते शिकतो. पुस्तकावरून भांडणे, दुसऱ्या जातीच्या मुलाच्या ताटात जेवणे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यावर वाद घालणे, एखादे नाटक बसवणे, मोर्चाचे फलक रंगवणे ही सारी कामे तासिका संपल्यानंतरची आहेत. राष्ट्र सेवा दलाची शाखा संध्याकाळीच भरत असे, हा काही योगायोग नव्हता. ज्याची संध्याकाळ प्रवासात गेली, त्याचे राजकारणही प्रवासातच गेले. प्रस्थापितांना हे पुरते ठाऊक आहे. विसर पडला आहे तो आपल्याला.

महाराष्ट्रातील बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास हा शाळांच्या इतिहासाइतकाच वसतिगृहांचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहे उभी केली. शाळा होत्याच, खेड्यातल्या मुलाला शहरात रात्रीचा निवारा आणि दोन वेळचे अन्न नव्हते, ही खरी अडचण त्यांनी ओळखली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. पुढे 1947 साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा पायाच होता. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी 1925 साली वसतिगृह काढले, ते बारामतीपासून फार दूर नव्हे, सोलापुरात. या तिघांनीही आधी मुलाच्या राहण्याची सोय पाहिली. त्यानंतर आलेल्या शिक्षणसम्राटांनी आधी प्रवेशद्वाराची कमान पाहिली.

हा फरक वृत्तीचा आहे, तसाच अर्थकारणाचाही आहे. 1983 साली महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले आणि शिक्षण ही विक्रीची वस्तू झाली. वस्तू विकणाऱ्याला गिऱ्हाईक दुकानात किती वेळ थांबते याच्याशी कर्तव्य नसते. पावती फाडली की व्यवहार पुरा. बारामतीतील मोठ्या संस्थांनी वसतिगृहे बांधलीच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांची वसतिगृहे आहेत आणि परगावचे विद्यार्थी त्यांत राहतातही. परंतु तेथे राहण्याचा खर्च मोरगावकडच्या जिरायतदाराच्या किंवा शेतमजुराच्या घराला पेलतो काय, एवढेच आम्ही विचारतो. कालव्याकाठच्या ऊसवाल्याचा मुलगा कॉट बेसिसवर खोली घेतो, मेस लावतो, खासगी अभ्यासिकेत खुर्चीचे मासिक भाडे भरतो. जिरायत पट्ट्यातला मुलगा गाडीच्या दांडीला लटकून घरी जातो. नीरा डाव्या कालव्याने तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे जे दोन तुकडे केले, तेच एका वर्गातल्या दोन बाकांवर येऊन बसले आहेत. उजनीच्या पाण्यात ज्यांची शेते आणि गावठाणे गेली, त्या भिगवण-पळसदेव भागातल्या घरांनी तर या प्रदेशाच्या विकासाची किंमत आधीच एकदा मोजली आहे.

मुलींची कथा याहून कठीण आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीला बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. नंतर विद्यार्थी सवलतीत भाड्याचा एक तृतीयांश भाग तिला भरावा लागतो. 2024 साली शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु शुल्क माफ झालेल्या मुलीने राहायचे कोठे? प्रयोगशाळेतले काम लांबले आणि गाडी चुकली तर तिने परतायचे कसे? अंधार पडल्यावर पोरगी घरी आली की गावात चर्चा होते; तीन वेळा चर्चा झाली की बाप शिक्षण थांबवतो आणि स्थळे पाहू लागतो. ही गळती कोणत्याही शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही. तिचे कारण वेळापत्रकात आहे.

हे सारे किती नाजूक धाग्यावर लोंबकळत होते, ते एस.टी. कामगारांच्या संपाने दाखवले. 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत हा संप चालला. कामगारांची मागणी न्याय्य होती आणि आजही आहे; दोष जायचा तो सरकारच्या ताठरपणाकडे. पण त्या महिन्यांत खेड्यातल्या विद्यार्थ्याचे महाविद्यालय अक्षरशः बंद पडले, कारण ज्याला आपण महाविद्यालय म्हणत होतो, त्याचा अर्धा भाग एस.टी.च्या चाकांवर उभा होता. मार्च 2024 मध्ये बारामतीत नव्या बसस्थानकाचे थाटामाटात उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे. मात्र इमारत गाडी सोडत नाही; गाडी सोडायला चालक लागतो, वाहक लागतो आणि तोट्याच्या फेरीचा भार उचलण्याची राजकीय इच्छा लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की मूल घरी राहिले तर शेतीला हातभार लागतो. लागतो, हे खरे. पण धार काढून, वैरण टाकून, गाडी गाठून जो मुलगा वर्गात येतो, त्याच्या कष्टांवर आपण दुधाचा दर कमी ठेवतो आणि वर त्याच्याकडून गुणवत्तेची अपेक्षा करतो. ही त्याच्या बापाची निवड नाही, नाइलाज आहे. दुसरा आक्षेप नव्या जमान्याचा: आता सारे ज्ञान मोबाइलवर आहे, मग राहण्याचा अट्टाहास कशाला? त्याचे उत्तर 2020 च्या महासाथीने दिले आहे. ज्यांच्याकडे फोन नव्हता, रेंज नव्हती, घरात शांत कोपरा नव्हता, तेच मागे पडले. आणि व्याख्यान मोबाइलवर पोचले, तरी सहवास पोचत नाही. तिसरा आक्षेप पालकांच्या तोंडी घातला जातो: वसतिगृहात पोरे राजकारण करतात. करू द्यावे! अठरा वर्षांच्या नागरिकाला आमदार निवडण्याइतकी अक्कल आहे. मग वर्गप्रतिनिधी निवडण्याइतकी नाही काय? 1990 च्या दशकात बंद झालेल्या विद्यार्थी निवडणुकांची तरतूद 2016 च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा आली, पण ती कागदावरच राहिली. संस्थाचालकांना विद्यार्थी हवे आहेत. विद्यार्थ्यांची संघटना नको आहे.

महाविद्यालयीन गाव ही काही परदेशी चैन नाही. आपल्यासारखाच सहकारी दुधाचा प्रदेश असलेल्या गुजरातच्या खेडा जिल्ह्यात 1940 च्या दशकात भाईकाका पटेल या अभियंत्याने शेतांच्या मधोमध वल्लभ विद्यानगर वसवले. करमसद, बाकरोल, आणंद येथील शेतकऱ्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या, आणि 1955 साली तेथे विद्यापीठही झाले. इंदापूर तालुक्यात तर आपल्या डोळ्यांसमोर वालचंदनगर आहे. कारखाना चालवायचा तर कामगार जवळ राहिला पाहिजे, हे एका भांडवलदाराला 1930 च्या दशकात उमगले आणि त्याने माळावर वसाहत वसवली. यंत्रासाठी गाव वसवता येते, विद्यार्थ्यासाठी येत नाही, असे कोणी सांगत असेल तर ते आम्ही मान्य करणार नाही.

तथापि एक इशारा येथे दिला पाहिजे. विद्यार्थी गावात राहू लागले की घरमालकांची आणि बिल्डरांची चांदी होते. स्पर्धा परीक्षांच्या पुण्यात आणि राजस्थानातील कोटा शहरात हे आपण पाहतो. तसली विद्यानगरी आम्हांला नको. तेराव्या शतकात इटलीतील बोलोन्या येथे परदेशी विद्यार्थ्यांनी संघ बांधला, त्याचे एक कारण घरभाडे हेच होते. भाडे आवाक्यात ठेवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या नगरात जातो, असे ते बजावत. 1214 साली ऑक्सफर्डच्या नागरिकांना पोपच्या प्रतिनिधीने विद्यार्थ्यांच्या निवासांचे भाडे दहा वर्षे निम्मे करण्यास लावले. विद्यापीठाचा जन्म आणि भाड्याचा लढा ही जुळी भावंडे आहेत. आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे: खोली मागायला गेलेल्या मुलाला भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पण हप्ता वेळेवर येत नाही ही तक्रार राज्यभर आहे, आणि हातात पैसे असूनही दार उघडत नाही, याला कोणतीच योजना नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नगरपरिषदेने आणि शासनाने मिळून सर्व जातींच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी, परवडणाऱ्या दरात, सार्वजनिक वसतिगृहे बारामतीत आणि इंदापुरात उभारावीत. उसाच्या बिलातून कपात करून शिक्षणसंस्था उभारण्याची पश्चिम महाराष्ट्राची रीत आहे. मग त्याच सभासदांच्या आणि त्यांच्या शेतात राबणाऱ्या मजुरांच्या मुलांच्या निवाऱ्याचा वाटा साखर कारखान्यांनी उचलावा. रात्री दहापर्यंत उघडी असणारी मोफत सार्वजनिक अभ्यासिका आणि ग्रंथालय असावे. त्या ग्रंथालयाच्या वेळेशी जुळणारी रात्रीची एस.टी. प्रत्येक प्रमुख मार्गावर सुटावी. महिला बचत गटांना मेस चालवायला द्यावी. भाड्यावर आणि भेदभावावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, आणि ते प्रतिनिधी नेमलेले नव्हे, निवडून आलेले असावेत.

बारामतीला विद्येची परंपरा नवी नाही. अठराव्या शतकात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत येथे राहिले, येथेच त्यांनी लिहिले आणि 1794 साली येथेच देह ठेवला. कऱ्हाकाठच्या त्या काळातला आश्रय एका सरदाराच्या मर्जीवर आणि एका जातीच्या विद्येपुरता होता. आजच्या बारामतीतही आश्रयदाते आहेत, देणग्या आहेत, इमारतींवर नावे आहेत. आम्हांला आश्रय नको, हक्क हवा.

साथींनो, जूनमध्ये महाविद्यालये उघडतील. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी प्रवेशद्वारावर पत्रके वाटून परत येऊ नये. त्यांनी संध्याकाळी बसस्थानकावर उभे राहावे, मुलांबरोबर गाडीत चढावे, सुप्यापर्यंत, बावड्यापर्यंत उभ्याने जावे, आणि कोणती गाडी किती वाजता सुटते, कोणाची कशी चुकते, कोणाचे शिक्षण त्यामुळे सुटले, याची वही भरावी. ती वही आगारप्रमुखाच्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून उत्तर मागावे. लढ्याची सुरुवात तेथून होईल.