सीटचे माप आणि आपली लाज

शिवणक्लास म्हटले की चळवळीतल्या बऱ्याच जणी नाक मुरडतात. बायकांना द्यायचे काय, तर शिलाई मशीन नाही तर पापडाचे पीठ, ही टीका आपण वर्षानुवर्षे केली आणि ती रास्तच होती. पण टीका करून आपण क्लासच्या दाराबाहेरच थांबलो. वाशीम, रिसोड, मानोरा भागातल्या गावांतून आजही मुली आणि बाया या क्लासांना जातात, बचत गटाचे कर्ज काढून मशीन घेतात, चार पैसे घरात आणतात. म्हणून आत काय शिकवतात हाही आपला प्रश्न आहे. त्यातली एकच गोष्ट इथे घेते: सीटचे माप.

सीट म्हणजे कमरेखाली, ढुंगणाच्या सर्वांत भरलेल्या भागावरून घेतलेला घेर. हा शब्द लिहितानाही पेन अडखळते. बाईच्या या अवयवासाठी आपल्या भाषेत एक शब्द कवींनी घेतला, दुसरा शिवीगाळ करणाऱ्यांनी. साध्या बोलण्यासाठी उरला इंग्रजी आडोसा, ‘सीट’. ज्याचे नावच घेता येत नाही, त्याचे माप कोण आणि कसे घेणार?

म्हणून ते घेतलेच जात नाही. गावोगावच्या क्लासांत मी हेच पाहते. छाती, कंबर, खांदा, उंची टेपने मोजतात. सीटची पाळी आली की दोघीही नजर चुकवतात. मग सोपा तोडगा: छातीत दोन-तीन इंच मिळवा, झाली सीट! किंवा जुना ड्रेस आणा, त्यावरून बेतू. किंवा, ‘राहू द्या ना ताई, ढगळच शिवा.’

छातीवरून सीट काढणे म्हणजे पायाच्या मापावरून टोपी घेणे. छाती 32 असलेल्या दोघींपैकी एकीची सीट 34, तर दुसरीची 39 असू शकते. हिशेबाने दोघींना सारखाच ड्रेस मिळतो. दुसरीचा कुर्ता ढुंगणावर अडकून वर चढतो, कटाच्या टोकाशी उसवतो. सलवार आसनात तंग झाली तर उकिडवे बसताना फाटते. उकिडवे बसणे, वाकणे, सायकल चालवणे, एसटीची पायरी चढणे हेच तर तिचे रोजचे काम! कपडा आवळतो तेव्हा मुलगी कपड्याला दोष देत नाही, अंगाला देते. ‘माझंच बेढब आहे.’ ती ओढणी मागे ओढते, खेळाच्या तासाला बाजूला बसते. पाळीच्या दिवसांत तर बाकावरून उठतही नाही.

आणि शिवणारी? उसवलेला ड्रेस तिच्याकडे परत येतो. दुरुस्तीची मजुरी मागायची सोय नाही. गिऱ्हाईक मात्र पुढच्या वेळी शहरातल्या टेलरकडे जाते.

सरकारनेही याहून वेगळे केले नाही. 2024-25 च्या शैक्षणिक वर्षात राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली. कापड वरून खरेदी झाले आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले. स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक मुलांना गणवेश मिळाले नव्हते. मिळाले त्यांतले कित्येक मापाचे नव्हते, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले गेले. बोलणी कोणी खाल्ली? ‘बायकांना शिवता येत नाही’ असे ऐकून घेणाऱ्या गटांनी. मुलीच्या अंगाला टेपच लागली नसेल तर उत्तम शिवणारीने तरी काय करावे?

आता समित्या दुकानातून तयार गणवेश आणतील, म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नका. तयार ड्रेसवरचा 36, 38 हा आकडा बहुधा छातीचा असतो. सीट त्यामागे फरफटत येते. हे साचे तरी कोणाच्या अंगावरून बनले? अमेरिकेत 1939-40 मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची मापे घेतली गेली, पण हिशेबात गोऱ्या बायकांचीच धरली. आपल्याकडे ‘इंडियासाइज’ या सरकारी प्रकल्पात पंचवीस हजार माणसांची मापे घ्यायचे ठरले, त्यासाठी सहा मोठी शहरे निवडली. महाराष्ट्रातून मुंबई. सोयाबीन सोंगणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईचे अंग यात कुठे बसते?

यावर आणखी एक उपाय सुचवला जातो: बंदी. 2024 मध्ये उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगाने पुरुषांनी बायकांची मापे घेऊ नयेत असा प्रस्ताव मांडला. मापाच्या निमित्ताने अंगचटीला येणारे असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण बंदीने बाईच्या अंगाभोवतीची लाज आणखी घट्ट होते. एखाद्या गावात शिवणारी बाईच नसेल तर तिथल्या बाईने काय करायचे? आपल्याला हवी आहे संमती, आडोसा आणि माप घेता येणारी बाई.

माप घेणे अवघड नाही. ओढणी बाजूला, खिसे रिकामे, अंगावर पातळ कपडा. पावले जुळवून सरळ उभे राहायचे. कमरेपासून साधारण सात ते नऊ इंच खाली, जिथे घेर सर्वांत मोठा भरतो तिथे टेप लावायची. जागा अंदाजाने ठरवू नका, टेप वरखाली सरकवून पाहा. पोट पुढे असेल तर तेही घेरात येते. टेप मागेपुढे सारख्या उंचीवर आहे ना, हे बाजूने पाहायचे. आत दोन बोटे सरकतील इतकीच सैल. मग तिला बसवून पुन्हा मोजायचे, कारण बसल्यावर घेर वाढतो. न ताणणाऱ्या कापडात बसण्या-वाकण्यापुरती सैल आणि शिलाईत माया ठेवायची. जुनी टेप ताणली जाते, ती लोखंडी पट्टीशी ताडून घ्या. आणि पहिल्यांदा विचारायचे, ‘माप घेऊ का?’

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शिवणक्लासात सीटचे माप अंगावरून घ्यायला शिकवा. क्लासमध्ये एक पडदा लावा. शाळेत मुलींची मापे बाईनेच, त्यांना विचारून, एकेकीला आडोशाला नेऊन घ्यावीत. आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. गणवेशाचे काम गटांना द्याल तेव्हा माप घेण्याची आणि दुरुस्तीचीही मजुरी द्या.

बाईच्या अंगाबद्दल गावाला, घराला, बाजाराला मत असते. खरा आकडा मात्र कोणाकडेच नसतो. पुढच्या बैठकीला टेप घेऊन या. आधी एकमेकींची मापे घेऊ, मग मागण्यांचा कागद घेऊन पंचायत समितीत जाऊ.