आवाज वाढवू नका, स्पष्ट करा

गेल्या पावसाळ्यात शेलारहून बाप-लेक दवाखान्यात आले. बापाची उमेदीची वर्षे यंत्रमागावर गेलेली. मुलगा पदवीधर, घरी बसून संगणकावर एका कंपनीच्या ग्राहकांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची नोकरी करणारा. तक्रार मुलाची होती. "डॉक्टर, रात्री कॉल संपले की कानात शिट्टी वाजत राहते. समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." बाप बाजूला बसून मुलाच्या ओठांकडे पाहत होता. मग आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात तो म्हणाला, "ते बिनवायरचे खूळ कानातून काढायला सांगा याला. त्याच्या लहरी मेंदूत जातात म्हणे!"

वाचकहो, मुलाच्या कानाची काळजी बापाला वाटली हे योग्यच झाले. पण भीती मात्र चुकीच्या गोष्टीची होती. अशी चुकीची भीती अनेक घरांत आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

लहरी की आवाज?

वायरलेस इअरबड संगणकाशी ब्लूटूथच्या लहरींनी जोडले जातात. या लहरींची शक्ती साधारणतः काही मिलिवॅट एवढीच असते. मोबाईल फोन टॉवर शोधताना याच्या कितीतरी पट शक्ती वापरतो. इअरबडच्या लहरींनी मेंदूला इजा होते असा पुरावा आजवर मिळालेला नाही. कानाला इजा होते ती आवाजाने. तो आवाज तारेतून आला की बिनतारी आला, याच्याशी कानाला कर्तव्य नसते.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर करण्याचे काम या पेशींच्या जिवावर चालते. मोठा आवाज फार वेळ पडला तर त्या थकतात, मग मरतात. कातडी भरून येते, हाड सांधले जाते. या पेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत.

ही गोष्ट विणकरांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होती. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या खडखडाटात स्त्री-पुरुष कामगार ओठ आणि हातवारे यांवरून एकमेकांशी बोलत. त्या बोलीला त्यांनी 'मी-मॉ' असे नावही दिले होते. स्कॉटलंडमधील डंडी येथे तागाच्या मागांवर काम करणाऱ्या विणकर स्त्रियांच्या कानांची पाहणी झाली आणि ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाच्या अभ्यासात ती आजही आधारभूत मानली जाते. भिवंडी परिसरातील लोकांना हे सांगायला लँकेशायरला जाण्याची गरज नाही. मागावर वीस वर्षे काढलेला माणूस घरातही ओरडून का बोलतो, हे येथे प्रत्येक गल्लीला माहीत आहे.

कानाचा आठवड्याचा शिधा

जागतिक आरोग्य संघटनेने कानासाठी एक हिशेब घालून दिला आहे. प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालेल. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा करावा लागतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलवर तर आठवड्याला केवळ ४ तास! लहान मुलांसाठी ही मर्यादा आणखी कडक, ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे. हा कानाचा आठवड्याचा शिधा समजा.

आता शेलारच्या त्या घरात चला. शेजारी भिंतीला भिंत लागून मागांची शेड. शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असणे ही नित्याची गोष्ट. भिंतीमुळे तो कमी होतो, पण खिडकी उघडी असली तर खोलीतही ७५ डेसिबलपर्यंत गोंगाट पोहोचू शकतो. अशा गोंगाटात समोरच्याचे बोलणे नीट कळायचे तर ते आणखी १० ते १५ डेसिबल वर न्यावे लागते. म्हणजेच कानात ९० डेसिबल. रोज सहा तास कॉल घेणाऱ्याचा आठवड्याचा शिधा सोमवारी दुपारीच संपतो, आणि पुढचे पाच दिवस कान उधारीवर चालतो. ही उधारी पुढे वसूल होते, तीही व्याजासह.

शब्द का कळत नाहीत?

येथे आणखी एक गोम आहे. एकच इअरबड ऐकायला आणि बोलायला, असे दोन्हींसाठी संगणकाला जोडले की बहुतेक वेळा ब्लूटूथ 'कॉल'च्या पद्धतीवर जाते. गाणी ऐकताना मिळणारा भरदार आवाज तेव्हा मिळत नाही. जुन्या प्रकारच्या जोडणीत ४००० हर्ट्झच्या वरचे स्वर जवळजवळ कापलेच जातात. जुन्या टेलिफोनवर येई तसा आवाज येतो. त्यानंतरच्या प्रकारात तो बराच सुधारला आहे आणि अगदी नव्या यंत्रांत ही अडचण दूर होऊ लागली आहे, पण त्यासाठी संगणक आणि इअरबड दोन्ही नवे हवेत.

स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या स्वरांत दडलेली असते. ते कापले गेले की 'साठ' म्हटले की 'आठ', हे कळेनासे होते. माणूस काय करतो? आवाज वाढवतो. पण जे कापले गेले ते आवाज वाढवून परत येत नाही. जे आहे तेच अधिक जोरात कानावर आदळते. आणि दैवाचा खेळ असा, की मोठ्या आवाजाने कान पहिल्यांदा बिघडतो तोही ४००० हर्ट्झच्या आसपासच! जे शब्द यंत्राने गाळले तेच उद्या कानही गाळू लागतो. गोंगाटाने होणारे नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वाधिक वेगाने होते. विशीतल्या मुलाने हे ध्यानात घ्यावे.

काय करावे?

पहिला उपाय गोंगाटाचा. कॉलसाठी मागाच्या भिंतीपासून दूरची खोली निवडावी, खिडकी लावावी, जाड पडदा किंवा गोधडी टांगावी. बाहेरचा आवाज जेवढा घटेल तेवढा कानातला आपोआप खाली येईल.

दुसरा उपाय स्पष्टतेचा. खोली शांत असेल तर कॉलच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इअरबड आणि मायक्रोफोन म्हणून संगणकाचा स्वतःचा माईक निवडावा. एवढ्यानेच आवाज पुष्कळदा एकदम साफ होतो. खोलीत गोंगाट असेल तर संगणकाचा माईक मागांचाही आवाज उचलेल. अशा ठिकाणी कान झाकणारा, तोंडाशी माईकची दांडी असलेला साधा तारेचा हेडसेट उत्तम. तो दिसायला जुनाट वाटतो, पण किमतीने बेताचा आणि कानाला हितकर असतो.

तिसरा उपाय शिस्तीचा. आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. हातभर अंतरावरच्या माणसाला तुमच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज जास्त आहे असे समजावे. दर तासाला काही मिनिटे कान मोकळे सोडावेत.

पावसाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी. आपल्या दमट हवेत तासन् तास बंद राहिलेल्या कानात बुरशी लवकर धरते. खाज, ठणका, पाणी येणे ही तिची लक्षणे. इअरबड रोज कोरड्या फडक्याने पुसावेत, दुसऱ्याचे वापरू नयेत. कानात गरम तेल टाकू नये, काडी घालू नये. मळ बाहेर येण्याऐवजी त्याने आतच ढकलला जातो.

शिट्टी वाजणे, शब्द न कळणे असे आठवडाभर टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून श्रवणदोषांच्या क्षेत्रात काम करीत आहे. तिचाही लाभ घेता येईल. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र एक दिवसही दवडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांतील उपचारांना फार मोल असते.

जबाबदारी कोणाची?

गोंगाटाने येणारे बहिरेपण आपल्या कामगार कायद्याने कारखान्यातील अधिसूचित आजारांच्या यादीत घातले आहे. यादीत असूनही मागावरच्या किती कामगारांच्या कानात बोळे दिसतात, हे मालकांनी स्वतःलाच विचारावे. पण घरी बसून कॉल घेणाऱ्या मुलाकडे तर कोणी निरीक्षक फिरकतही नाही. तो घरी बसतो, वीज त्याची, इअरबड त्याचे आणि कानही त्याचेच. आमचे स्पष्ट मत असे, की जी कंपनी रोज सहा तास कानाचे काम करून घेते, तिने चांगला हेडसेट द्यावा आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणीचा खर्च उचलावा. हे उपकार नव्हेत. कोयता धरणाऱ्याला पायताण लागते, तसेच हे.

त्या मुलाची शिट्टी महिन्याभरात बरीच कमी झाली. खोली बदलली, तारेचा हेडसेट आला. पुन्हा आले तेव्हा बापाने स्वतःचीही चाचणी करून घेतली. दोघांचे आलेख मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बापाची रेघ खोल दरीत उतरलेली, मुलाची त्याच जागी नुकतीच खाली झुकू लागलेली. बाप बराच वेळ पाहत राहिला आणि मुलाला म्हणाला, "मला माग बंद करायची मुभा नव्हती रे. तुझ्या हातात बटण आहे."