उमेदवार ठरवायचा कोणी?

निवडणूक आली की मतदाराला ‘राजा’ म्हणण्याची आपल्या सार्वजनिक जीवनात रीतच पडून गेली आहे. परंतु या राजापुढे जे ताट वाढून येते त्यातील पदार्थ कोणत्या मुदपाकखान्यात शिजले आणि कोणाच्या आज्ञेने शिजले, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्यास कोणी दिलेला नाही. चौघांतून एक निवडावयाचा, एवढेच त्याचे राज्य! ते चौघे कोण असावेत हे आधीच ठरलेले असते, आणि ते ठरविणारे कोण, हे पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही. लोकशाहीच्या घरातील ही आतली खोली उघडी असावी की बंद, हा प्रश्न अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२५ साली मोठ्या ठळकपणे जगापुढे मांडला. त्या राज्यातील एडिसन आणि जर्सी सिटीच्या परिसरात मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे, आणि त्यांपैकी जे तेथील नागरिक झाले आहेत ते तेथील मतदारही आहेत. परंतु केवळ आपल्या आप्तांची खुशाली म्हणून नव्हे, तर आपल्या स्वतःच्या हिताचा विषय म्हणून आम्ही आज त्या प्रसंगाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. आपले राज्यपाल राष्ट्रपतींच्या नियुक्तीने येतात व मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तिकडचा गव्हर्नर जनतेच्या थेट मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार स्वतः हाकतो. आपल्या मुख्यमंत्र्याशीच त्याची तुलना होऊ शकेल. त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर विशेष सामर्थ्यवान समजला जातो, कारण राज्याचा महाभिवक्ता व न्यायाधीश यांच्या नेमणुका त्याच्याकडून होतात. अशा पदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे त्या राज्यात पक्षाचे मतदार गुप्त मतदानाने ठरवितात. या पहिल्या फेरीस ‘प्रायमरी’ म्हणतात. ती सरकारी खर्चाने, सरकारी देखरेखीखाली आणि सरकारी मतदारयादीवर होते. पक्षाने आपल्या कचेरीत भरविलेली सभा असे तिचे स्वरूप नसते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१० जून २०२५ रोजी ही फेरी झाली. गव्हर्नर फिल मर्फी यांच्या लागोपाठ दोन मुदती पुऱ्या होत असल्यामुळे त्यांना पुन्हा उभे राहता येत नव्हते, आणि सिंहासन रिकामे झाले की इच्छुकांची गर्दी होतेच. डेमोक्रॅटिक पक्षात सहा जण मैदानात उतरले: नौदलात हेलिकॉप्टर चालविलेल्या व काँग्रेसच्या सदस्या असलेल्या मिकी शेरिल, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलॉप, काँग्रेस-सदस्य जॉश गॉटहायमर, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. यांतील एकही नाव उपटसुंभाचे नव्हते. प्रत्येकाच्या पाठीशी कोणते ना कोणते बळ होते. आठ लाखांहून अधिक मतदारांनी कौल दिला. शेरिल यांना सुमारे ३४ टक्के, बराका यांना सुमारे २१ टक्के आणि फुलॉप यांना सुमारे १६ टक्के मते मिळाली. रिपब्लिकन पक्षात जॅक चिटारेली यांनी अध्यक्ष ट्रम्प यांचा पाठिंबा मिळवून दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी बाजी मारली. नोव्हेंबरातील मुख्य लढतीत शेरिल विजयी झाल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली.

परंतु या हारजितीपेक्षा आमच्या मते महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. प्रायमरीची पद्धत न्यू जर्सीत शंभराहून अधिक वर्षे चालू असली, तरी तिच्या मतपत्रिकेत एक मोठी मेख मारून ठेवलेली होती. त्या राज्यात २१ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. त्यांपैकी १९ काउंट्यांत स्थानिक पक्षसंघटनेने पसंत केलेल्या सर्व उमेदवारांची नावे, मोठ्या पदापासून गावच्या पदापर्यंत, मतपत्रिकेवर एकाच ओळीत लावली जात. संघटनेची मर्जी ज्यांच्यावर नसेल त्यांची नावे कोठेतरी दूरच्या रकान्यात फेकलेली असत. त्या जागेस लोक ‘मतपत्रिकेवरील सैबेरिया’ असे म्हणत! मतदान गुप्त, मोजणी चोख, कायदा सर्वांस समान; आणि तरीही निकाल बहुधा त्या ओळीनेच ठरविलेला. कोणाचे नाव कोठे छापावयाचे एवढा साधा अधिकार हाती ठेवून काउंटीतील मूठभर पुढाऱ्यांनी लाखो मतदारांचा कौल आपल्या मुठीत ठेवला होता.

ही मेख उपटली ती अँडी किम या काँग्रेस-सदस्याने. २०२४ साली सिनेटच्या जागेसाठी उमेदवारी मागताना त्यांची गाठ गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्याशी होती, आणि अनेक मोठ्या काउंट्यांतील पक्षसंघटनांनी गव्हर्नरपत्नींच्या नावास आधीच होकार भरला होता. किम न्यायालयात गेले. टॅमी मर्फी यांनी निकालापूर्वीच माघार घेतली. पण खटला चालूच राहिला, आणि २९ मार्च २०२४ रोजी फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत ही ओळीची पद्धत वापरण्यास मनाई केली. पुढे मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रत्येक पदाच्या इच्छुकांची नावे एकाच चौकटीत छापण्याची पद्धत दोन्ही पक्षांस लागू केली. २०२५ ची गव्हर्नरपदाची लढत ही त्या पदासाठी नव्या मतपत्रिकेवर झालेली पहिली लढत होय. संघटनेने आपली पसंती जाहीर करण्यास आजही मनाई नाही. शेरिल यांच्यामागे अनेक काउंटी-संघटना होत्याच. पण दक्षिण भागातील संघटना ज्यांच्या पाठीशी होत्या ते स्वीनी सहाव्या क्रमांकावर गेले. पुढाऱ्यांनी शिफारस करावी, निवाडा मतदारांनी करावा. एवढी मर्यादा राखली गेली की संघटनेचे महत्त्वही राहते आणि मतदाराचे स्वत्वही राहते.

याच न्यू जर्सीच्या इतिहासात एक मासलेवाईक प्रकरण आहे. १९१० साली तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे सूत्रधार जेम्स स्मिथ यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वूड्रो विल्सन यांना अधिवेशनात गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळवून दिली. हा सालस प्राध्यापक आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा होरा असावा. विल्सन निवडून आले आणि सिनेटच्या जागेचा प्रश्न निघताच त्यांनी स्मिथ यांना नकार देऊन, प्रायमरीत मतदारांनी पसंत केलेल्या जेम्स मार्टिन यांची बाजू घेतली. एवढ्यावरच न थांबता १९११ मध्ये ‘गेरन कायदा’ संमत करवून त्यांनी उमेदवार निवडण्याचा अधिकार अधिवेशनाकडून काढून मतदारांकडे सोपविला. ज्या शिडीने ते चढले ती शिडीच त्यांनी बाजूस सारली, अशी तक्रार तेव्हाच्या पुढाऱ्यांनी केली असेल. परंतु त्या शिडीची दोरी दुसऱ्याच्या हाती होती, हे विल्सन यांनी ओळखले. विस्कॉन्सिन राज्याने रॉबर्ट ला फॉलेट यांच्या नेतृत्वाखाली १९०३ साली याच वाटेवर पाऊल टाकले होते.

आता या पद्धतीत दोष नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. पहिला दोष पैशाचा. न्यू जर्सीत १९८१ पासून गव्हर्नरपदाच्या प्रायमरीस सरकारी अनुदान मिळते व ते घेणाऱ्यास खर्चाची मर्यादा पाळावी लागते. परंतु २०१० च्या एका निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाहेरच्या स्वतंत्र खर्चावरील बंधने उठविल्यापासून ती मर्यादा चाळणीसारखी झाली आहे. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशातून कोट्यवधी डॉलर ओतले गेले. ते पाचव्या क्रमांकावर राहिले, हा भाग निराळा. पैशाने निवडणूक विकत घेता येतेच असे नाही, हे त्यातून दिसले, पण पैशावाचून ती लढविता येत नाही हेही खोटे नाही. दुसरा दोष मतविभागणीचा. सहा जणांत ३४ टक्के मिळवून उमेदवारी जिंकणे म्हणजे पक्षाच्या तीनपैकी दोन मतदारांची पहिली पसंती नसताना जिंकणे होय. जॉर्जियासारख्या राज्यात निम्म्याहून अधिक मते कोणास न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. २०१८ साली तेथे पहिल्या फेरीत मागे असलेले ब्रायन केम्प दुसऱ्या फेरीत मोठ्या फरकाने विजयी झाले. बहुमत आणि सर्वांत मोठा गट या दोन वस्तू भिन्न आहेत, हा धडा त्यात आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. मत देणारा समाज कोण, यावर प्रायमरीचे पावित्र्य अवलंबून असते. टेक्सास व दक्षिणेकडील इतर राज्यांत एकाच पक्षाचे वर्चस्व असल्यामुळे प्रायमरी हीच खरी निवडणूक असे, आणि ‘पक्ष ही खासगी संस्था आहे’ अशी सबब सांगून तीतून कृष्णवर्णीय नागरिकांना वगळले जाई. १९४४ साली स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सबब फेटाळली. राज्यकर्ते ज्या दारातून आत येतात ते दार खासगी असूच शकत नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ आहे आणि तो सर्व लोकशाही देशांनी कोरून ठेवण्याजोगा आहे.

प्रायमरीतून भडक भाषा बोलणारेच पुढे येतात, असाही एक आक्षेप घेतला जातो. तो पुष्कळ अंशी खरा आहे. पण तो नेहमीच खरा ठरत नाही. २०२२ साली जॉर्जियात विद्यमान गव्हर्नर केम्प यांच्याविरुद्ध ट्रम्प यांनी डेव्हिड पर्ड्यू यांना उभे केले. पक्षाच्या सर्वांत बलाढ्य पुढाऱ्याचा हात डोक्यावर असूनही पर्ड्यू सपाटून हरले. सत्तर टक्क्यांहून अधिक मते केम्प यांना पडली. पुढाऱ्याच्या इच्छेला नम्रपणे पण निर्विवादपणे ‘नाही’ म्हणण्याची सोय सामान्य अनुयायास असणे, यातच या पद्धतीचे सारे मोल आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली होते. पण उमेदवार कसा निवडावा याविषयी कायदा मौन पाळतो. उमेदवारीचे भवितव्य एका एबी फॉर्मवर अवलंबून असते, आणि तो फॉर्म शेवटच्या दिवशी कोणाच्या खिशातून कोणाच्या हातात पडेल, हे वीस वर्षे सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्यास ठाऊक नसते. १९८५ च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीने या अवलंबित्वावर शिक्कामोर्तबच केले. पक्षांतराचा रोग बळावला होता, म्हणून ते औषध आवश्यक होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की निवडून येण्यापूर्वी तिकिटासाठी आणि निवडून आल्यावर पक्षादेशासाठी लोकप्रतिनिधीने एकाच उंबरठ्यावर माथा टेकावा. मग मतदारांकडे पाहण्यास त्याची मान वळणार केव्हा?

काँग्रेस पक्षाने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत राहुल गांधींच्या पुढाकाराने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाचा प्रयोग केला होता. त्यांत वर्धा व लातूर हेही होते. मतदानाचा हक्क पदाधिकारी व प्रतिनिधींपुरताच होता. पक्षाचा त्या वर्षी देशभर पराभव झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. पराभवाचे खापर पद्धतीच्या माथी मारणे सोपे असते; पण एका पावसात पीक आले नाही म्हणून कोणी शेतकरी पेरणीच सोडून देत नाही.

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलून आणावी, असे आम्ही सुचवीत नाही. आपल्याकडे सभासद नोंदणीची पावतीपुस्तके एका रात्रीत कशी भरली जातात, हे सर्वांना माहीत आहे; पक्षाच्या हातातील यादीवर मतदान घेतले तर ज्याच्या हाती पावतीपुस्तक त्याच्याच हाती उमेदवारी जाईल. म्हणूनच सभासदांची यादी निवडणुकीच्या पुष्कळ आधी प्रसिद्ध व्हावी, तिची तपासणी निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली व्हावी, मतदान गुप्त असावे, खर्चाचा हिशेब जाहीर व्हावा आणि निम्म्याहून अधिक मते मिळाल्याखेरीज उमेदवारी मिळू नये, एवढी पथ्ये आधी पाळली पाहिजेत. आरंभ महापालिकेच्या प्रभागापासून करावा. तेथे माणसे एकमेकांना ओळखतात, आणि कोण कामाचा व कोण नावाचा याची पारख दिल्ली-मुंबईपेक्षा गल्लीत अधिक अचूक होते.

न्यू जर्सीतील एक गोष्ट आम्हांस विशेष भावली. पक्षांतर्गत लढतीत हरलेल्या पाचांपैकी कोणीही नोव्हेंबरात बंडखोरीचे निशाण उभारले नाही. हार मोजून झाली होती, म्हणून ती सोसता आली. आपल्याकडे तिकीट नाकारले गेलेल्या माणसाला आपण कोणाकडून आणि कशामुळे हरलो हेच कळत नाही. मग तो अपक्ष उभा राहतो, किंवा रातोरात दुसऱ्या पक्षाचा गमछा गळ्यात घालतो, आणि आपण त्याला निष्ठाशून्य म्हणून मोकळे होतो. निष्ठा हवी असेल तर आधी न्याय द्यावा लागतो. पक्षाच्या घरात ज्याच्या मताला किंमत नाही, त्या कार्यकर्त्याने बाहेर येऊन जनतेला मताचे मोल समजावून सांगावे, ही अपेक्षा आणखी किती वर्षे करावयाची, याचा विचार सर्वच पक्षांच्या धुरीणांनी करावा.