बी ड्रोनने टाकले, राखण कोण करणार?

आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले, भाऊ, जावई दुबई-शारजाला नोकरीला आहेत. तिथल्या वाळूत उभे असलेले गाफचे झाड त्यांनी पाहिलेच असेल. आपल्याकडे ज्याला शमी किंवा सौंदड म्हणतात, राजस्थानात खेजडी, तेच हे झाड. पाण्याच्या शोधात याची मुळे तीस मीटरपर्यंत खोल गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून भर उन्हाळ्यातही ते हिरवे राहते. बदाऊंना त्याने सावली दिली, सरपण दिले, उंटांना चारा दिला. संयुक्त अरब अमिरातीने 2008 साली त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला.

पण याच देशात गाफवर संकट आहे. भूजल खाली गेले, शहरे वाढली आणि मोकाट जनावरे कोवळी रोपे खाऊन टाकतात. जुनी झाडे उभी आहेत, त्यांच्या जागी येणारी नवी मात्र कमी पडतात.

म्हणून आता तिथे ड्रोनची मदत घेतली जात आहे. आधी ड्रोन वरून जमिनीचे फोटो घेतो. त्यावरून माती कुठे धरून ठेवणारी आहे, ओल कुठे टिकेल, हे ठरवतात. मग त्या जागी वरून बी टाकतात. जिथे गाडी जात नाही, माणसाला चालणे कठीण, तिथेही बी पोहोचते. काही महिन्यांनी पुन्हा ड्रोन उडवून किती उगवले ते पाहता येते.

मात्र वरून टाकलेल्या बियांपैकी थोड्याच रुजतात. रुजलेल्या रोपाचे मूळ ओलीपर्यंत पोहोचेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. तेवढ्यात उंट-बकरी आली की सारी मेहनत वाया. कुंपण घालणे, चराई थांबवणे, पाणी जपणे ही कामे माणसांनीच करायची आहेत.

आपल्या दीनमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्यासाठी सदका ठरतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. त्याचबरोबर मदिनेच्या हरमच्या हद्दीत झाडे तोडण्यास त्यांनी मनाई केली. म्हणजे लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच राखणेही.

आपण मात्र पहिल्या गोष्टीवरच थांबतो. पावसाळ्यात मदरशाच्या आवारात, कब्रस्तानात रोपे लावतो, फोटो काढतो आणि मार्चमध्ये तिथे वाळलेल्या काड्या दिसतात. यंदा रोपे कमी लावू, पण प्रत्येक रोप एकेका घराकडे सोपवू. मशिदीत वुजूचे पाणी गटारात जाते, ते पाइपने झाडांकडे वळवू. बकऱ्यांपासून बचावासाठी काटेरी कुंपण घालू. तीन उन्हाळे एवढे केले, तर इन्शाअल्लाह ते झाड पुढच्या पिढीला सावली देईल.