नुक्ते न दिसणारी मुलगी

उर्दूतल्या बे, पे, ते, से या चार अक्षरांचा आकार एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. खाली एक, खाली तीन, वर दोन, वर तीन. मराठीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांचंही थोडंफार तसंच. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी या दोन्ही भाषा शिकवते. सहावीतली एक मुलगी फळ्यावरून उतरवून घेताना दोन्हीकडे हीच गल्लत करायची. उर्दूत चुकली की मी म्हणायचे, लक्ष नाही. मराठीत चुकली की म्हणायचे, घरात मराठी बोलत नाहीत, त्यामुळे होतं. बरेच महिने मी या दोन कारणांवर समाधान मानलं. एकदा वैतागून तिला वर्गाबाहेरही उभं केलं.

मग आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. भिंतीवर तक्ता लावला, सहा मीटरवर रेघ मारली. तक्त्यावर इंग्रजी ‘ई’ वेगवेगळ्या दिशांना वळवलेला असतो, त्याची तोंडं कुठे आहेत ते मुलाने बोटांनी दाखवायचं. म्हणजे कुठलीच लिपी यावी लागत नाही. उर्दू येत नसलं, मराठी येत नसलं, तरी चालतं. दोन्ही डोळे उघडे असताना तिने वरच्या ओळी कशाबशा दाखवल्या. उजवा डोळा झाकला आणि ती गप्प उभी राहिली. सगळ्यात मोठा ‘ई’ही तिला दिसत नव्हता.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. दोन्ही डोळ्यांना नंबर आहे, डाव्याला फार जास्त. लहानपणापासून डाव्याकडून धूसर चित्र येत राहिलं, म्हणून मेंदूने त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडलं. याला आळशी डोळा म्हणतात. चार-पाच वर्षांची असताना कळलं असतं तर चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून डावा डोळा कामाला लावता आला असता. सात-आठ वर्षांनंतर ते अवघड होत जातं. आता उजवा चष्म्याने सुधारेल, डाव्याची फारशी आशा ठेवू नका.

तिने कधी तक्रार का केली नाही, असं मला स्टाफरूममध्ये विचारण्यात आलं. ती काय तक्रार करणार? तिने जग कायम तसंच पाहिलेलं. सगळ्यांना असंच दिसतं असं तिला वाटत होतं.

कुरआनात ‘अबस’ नावाची सूरह आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी शिकण्यासाठी आले, तेव्हा नबी (स.) मक्केच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यावर अल्लाहने टोकलं. पुढे हेच सहाबी मदिनेत हजरत बिलाल यांच्याबरोबर अजान देत. हा प्रसंग मी मुलांना अनेकदा सांगितला आहे. त्या दिवसानंतर सांगताना माझा आवाज अडखळतो.

आता सरकारबद्दल. आपल्याकडे ‘सरकार आपल्यासाठी काही करत नाही’ हे वाक्य फार सहज तोंडी येतं, म्हणून आधी जे आहे ते सांगते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. शाळेतल्या मुलांची दृष्टी तपासणं आणि गरजूंना मोफत चष्मे देणं त्यात येतं. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस पाजतात, तेही डोळ्यांसाठीच. फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात मोतीबिंदूपासून दृष्टिदोषापर्यंत सगळं त्या यादीत आहे. पथक कुणाचा धर्म विचारत नाही.

पण पथक जातं कुठे? अंगणवाडीत, आणि सरकारी व अनुदानित शाळांत. माझी ही विद्यार्थिनी पाचवीपर्यंत मोहल्ल्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत होती. अंगणवाडीत घरच्यांनी कधी पाठवलंच नाही. सहावीत आमच्याकडे आली म्हणून तरी तक्त्यासमोर उभी राहिली, तोवर डाव्या डोळ्याची वेळ निघून गेली होती. मुस्लिम मुलं म्हटली की लोकांना मदरसा आठवतो. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवून दिलं की मदरशात शिकणारी मुलं तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहेत. आमच्या गावात तरी खरा प्रश्न गल्लीबोळांतल्या, दोन-तीन खोल्यांतल्या ‘इंग्लिश स्कूल’चा आहे. मदरशाची अडचण वेगळी. हिफ्ज करणारं मूल दिवसभर रेहलवरचं पान जवळून वाचतं. जवळचं त्याला स्वच्छ दिसतं, लांबचं वाचायची वेळच येत नाही, म्हणून त्याचा दोष उस्तादांना कळायला मार्ग नाही.

या सगळ्या मुलांना अनुदान कोण देतं, हा प्रश्न डोळ्याला पडत नाही. पथकाने विनाअनुदानित शाळा आणि मदरसे दोन्ही यादीत घ्यावेत, एवढी साधी मागणी आहे. त्यासाठी नवीन योजना नको, नवीन नावही नको.

आणि दोष सापडल्यानंतर काय? आमच्या शाळेत पथकाने नंबर असलेल्या मुलांना चिठ्ठ्या दिल्या. जिल्ह्याच्या गावी जा. जायचं म्हणजे बाप एका दिवसाच्या मजुरीला मुकणार, वर एसटीचं भाडं. चिठ्ठी मराठीत, ज्या अम्मीच्या हातात ती पडते तिला फार तर उर्दू वाचता येतं. एका घरी मी विचारायला गेले तर चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेली, महत्त्वाचा कागद म्हणून. चष्मे आले तेव्हा शाळेला सुट्टी लागली होती आणि ते जूनपर्यंत कपाटात पडून राहिले. माझ्या मते तपासणीपेक्षा हा पुढचा टप्पा जास्त कच्चा आहे. नेत्र चिकित्सा अधिकारी महिन्याभरात त्याच शाळेत येऊन नंबर काढून गेले तर निम्म्या चिठ्ठ्या वाया जाणार नाहीत.

आपल्या घरातलंही बोलायला हवं. त्या मुलीच्या अम्मीने मला पहिला प्रश्न विचारला तो डोळ्याचा नव्हता. “टीचर, चश्मा लगाये तो छोकरी का रिश्ता कैसा आयेंगा?” अकरा वर्षांची पोर! मुलाच्या बाबतीत हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. चष्मा मिळूनही तो दप्तरात ठेवणाऱ्या मुलीच जास्त. शिवाय स्कार्फच्या आत दांड्या रुततात, बाहेरून लावला तर घसरतो. मी तिला आधी चष्मा लावून मग वरून स्कार्फ सैल बांधायला शिकवलं. असल्या बारीकसारीक गोष्टी कुठल्याच परिपत्रकात नसतात.

जुम्याच्या नमाजनंतर चंद्याची घोषणा होते, तशी तपासणीच्या तारखेची व्हावी म्हणून मी आमच्या मशिदीच्या एका ट्रस्टींना निरोप पाठवला. त्यांनी घोषणा केली. अंगणवाडी सेविका म्हणाल्या की त्या वेळी आमच्या मोहल्ल्यातून नेहमीपेक्षा जास्त आया लेकरं घेऊन आल्या.

यंदा जूनमध्ये मी स्वतःच तक्ता आणला आणि व्हरांड्यात सहा मीटरवर पांढरी रेघ ओढून घेतली. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. पाचवी ते आठवीत पाच मुलं अडली. तिघांचे चष्मे झाले. दोघं अजून गेलेली नाहीत, रविवारी त्यांच्या घरी जायचं आहे.